गळाचा साज

‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकाचा प्रवेशक शिकवताना आपण सहसा घाई करतो. पुढे दुष्यंताचा पश्चात्ताप वाट पाहत असतो. त्याआधीचा कोतवाल, त्याचे दोन रक्षक आणि हात बांधून आणलेला धीवर हा आपल्याला केवळ विनोदापुरता विसावा वाटतो. राजाच्या नावाची अंगठी विकायला निघालेला हा माणूस चोर ठरवला जातो, आणि तो आपली ओळख सांगू लागतो ती साधनांच्या नावांनी: जाळे आणि गळ यांवर आपण कुटुंब पोसतो, एवढेच त्याचे म्हणणे. रक्षक त्याच्या धंद्याची टिंगल करतात. अखेर कोतवालाला त्याचे सांगणे पटू लागते तेही त्याच्या शब्दांमुळे नव्हे, तर अंगाच्या दर्पामुळे. असा वास येतो म्हणजे हा खरोखरच मासे मारणारा असला पाहिजे. तो नेसला काय होता, हे कालिदास सांगत नाही. सांगण्याची गरजही नसावी. ज्या माणसाची ओळख वासाने पटते, त्याचा वेश कोण पाहणार?

मिराशींनी रामगिरी म्हणजे रामटेक असे प्रतिपादन केल्यापासून आम्हा नागपूरकरांना कालिदास जरा जास्तच जवळचा वाटतो, आणि हा पक्षपात मान्य करूनच पुढचे लिहीत आहे. मासे धरायला जाणारा माणूस अंगात काय घालतो आणि हातात काय घेतो, हा प्रश्न वरकरणी छंदिष्टांचा आहे. पण त्याची उत्तरे ज्यांनी लिहून ठेवली आणि ज्यांच्याविषयी ती कधी लिहिलीच गेली नाहीत, त्या दोघांचा इतिहास एकाच पाण्याचा आहे.

लिहून ठेवणाऱ्यांत पहिला मान एका राजाचा. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ इ.स. ११२९-३१ च्या सुमाराचा. मराठीचे विद्यार्थी हा ग्रंथ ओळखतात तो ओवीच्या उल्लेखामुळे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही नोंद त्यातलीच. परंतु त्याच ग्रंथातील ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आपल्या वाङ्मयेतिहासाने फारसे उघडलेले नाही. ते उघडले मत्स्यशास्त्रज्ञांनी. सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर सविस्तर लेख लिहिला. राजा सुमारे ३५ प्रकारच्या माशांची नावे देतो, समुद्रातले व नदीतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे त्यांचे वर्ग पाडतो, कोणाला काय चारून पुष्ट करावे ते सांगतो, आणि मग दोरी, गळ व काठी यांकडे वळतो. साधनांची निवड हा एक शास्त्राचा विषय आहे, ही जाणीव त्यात स्पष्ट दिसते.

सोमेश्वराचा बाप सहावा विक्रमादित्य. त्याच्या काळातला शके १००८ चा, म्हणजे इ.स. १०८७ चा, शिलालेख सीताबर्डीच्या नावाने प्रसिद्ध आहे. गुरांच्या चराईसाठी जमीन दिल्याची ती नोंद. तेव्हा ‘मत्स्यविनोद’ लिहिणाऱ्या घराण्याची सत्ता आमच्या या भागापर्यंत पोचलेली होती. शिलालेखात गुरांना कुरण आहे, ग्रंथात राजाला गळ आहे. ज्या माणसाने राजाच्या करमणुकीसाठी पाण्यात उतरून मासे राखले असतील, त्याच्यासाठी दोन्हीकडे ओळ नाही. ‘विनोद’ या शब्दातच ती विभागणी आहे. ज्याचे पोट मासळीवर आहे त्याच्या कामाला विनोद म्हणत नाहीत.

इंग्रजांनी हा विनोद आपल्याबरोबर आणला, पण निराळ्या रूपात. त्यांच्याकडे १४९६ मध्येच गळाच्या मासेमारीवरील एक प्रबंध छापला गेला होता आणि त्यात बारा कृत्रिम माश्यांची वर्णने होती. आयझॅक वॉल्टनचा ‘द कम्प्लीट अँगलर’ १६५३ चा. पण वॉल्टन स्वतः प्रामुख्याने जिवंत आमिषाचा माणूस, आणि माशीच्या मासेमारीचे खरे शास्त्र त्या पुस्तकाला १६७६ मध्ये चार्ल्स कॉटनने जोडले. या पद्धतीत गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावायची नाही. उघड्या गळाभोवती पिसे, केस, रेशीम आणि जरीची तार गुंडाळून त्याला माशीचे किंवा लहान माशाचे रूप द्यायचे. हे सोंग इतके हलके असते की ते फेकले जात नाही. त्याऐवजी वजनदार दोरी फेकायची, आणि तिच्या शेवटी ते पाण्यावर अलगद उतरावे अशी काठीची लवचीकता साधायची. माशी तयार करण्याच्या क्रियेला इंग्रजीत जो शब्द आहे तोच कपडे चढवण्यालाही आहे. पोशाख आधी गळाचा, मग माणसाचा. (मराठीत माशी आणि मासा हे शब्द शेजारी बसतात हा निव्वळ योगायोग, एक मक्षिकेकडून आला, दुसरा मत्स्याकडून.)

इथे आपल्या संतवाङ्मयाची आठवण येणे अपरिहार्य आहे. विषयसुखाला गळाच्या आमिषाची उपमा आपल्याकडे ठायी ठायी आढळते. पण त्या प्रतिमेतले आमिष खरे असते. मासा मरतो तो लोभाने, पण ज्याचा लोभ धरतो ते खाद्य असते. पिसांच्या माशीत खाण्यासारखे काहीच नाही. आमच्या संतांना हा गळ ठाऊक असता तर त्यांनी तो लोभाऐवजी मायेच्या प्रकरणात घातला असता, असे मला वाटते.

आता या साहेबाला नखशिखांत पाहू. डोक्यावर सोला टोपी: ती ज्या भेंडापासून बनते ती शोला ही वनस्पती दलदलीत आणि तळ्यांत उगवते. अंगात खाकी: हा शब्द खाक म्हणजे धूळ यावरून आला, आणि हा रंग लष्करात रूढ झाला तो १८४६ नंतर, पेशावरकडच्या गाइड्स पलटणीमुळे. रंगाला इथे कारणही होते. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सारे जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल झरोक्यातून दिसते. काठावर उभा असलेला माणूस त्या झरोक्याच्या कडेला प्रकटतो. म्हणून पांढरा सदरा नको, चकाकणारी बटणे नकोत, आणि उभे राहण्यापेक्षा वाकणे बरे. पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या. ‘पटी’ हा इंग्रजी शब्द आपल्याच पट्टीचा. हातातली उत्तम काठी बांबूच्या त्रिकोणी कामट्या चिकटवून केलेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यासाठी जो बांबू नावाजलेला होता त्याला पाश्चात्त्य कारागीर ‘कलकत्ता’ म्हणत. दोरी तेल पाजलेल्या रेशमाची. गळाजवळचा अदृश्य तुकडा मात्र स्पेनमधून येई. रेशमाच्या अळीची ग्रंथी आंबट द्रवात भिजवून, ताणून तो तयार करीत.

आणि पिसे. सामन माशासाठी व्हिक्टोरियन काळात ज्या भरजरी माश्या बांधल्या जात, त्यांच्या गालावर एक पीस जवळजवळ अनिवार्य होते: राखी रानकोंबड्याच्या मानेवरचे. त्यावर मेणाच्या थेंबासारखे चकाकणारे ठिपके असतात आणि पाण्यात ते डोळ्यासारखे भासतात. हा पक्षी भारताचाच. पचमढीच्या डोंगरांपासून दक्षिणेकडे त्याचा वावर. स्कॉटलंडच्या नदीत सामनला भुलवणारा डोळा आमच्या रानातून जात होता. हिंदुस्थान सरकारने १९०२ मध्ये रानपक्ष्यांची कातडी व पिसे परदेशी पाठवण्यास बंदी घातली. आज हा पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत आहे.

एवढ्या साजाचा उपयोग विदर्भात किती होता? ट्राउट हा शीतजलातला मासा. तो इंग्रजांनी निलगिरीत, काश्मिरात नेऊन वाढवला. आमच्याकडे ते शक्य नव्हते. इथे साहेबाची नजर डोंगरी नद्यांतल्या महाशीरवर असे. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ आणि १८८७ मध्ये ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ ही पुस्तके लिहिली. दुसऱ्याचा विषयच तळ्यांतली मासेमारी. नद्यांपासून दूर नेमणूक झालेल्या गोऱ्यांनाही त्याने रोहू-कतल्याची वाट दाखवली. त्याच दशकांत नागपूरला १८७० चा अंबाझरी तलाव पाणीपुरवठ्यासाठी बांधून तयार होता.

थॉमस हा केवळ छंदिष्ट नव्हता, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते. दक्षिण कानडा जिल्ह्यात असताना त्याने मत्स्यसंवर्धनावर सरकारला अहवाल दिला होता. बारीक विणीची जाळी आणि ओढ्यांत लावलेले सापळे माशांची पिल्ले संपवतात, असा त्याचा आग्रह होता. १८७३ मध्येच फ्रान्सिस डे याने हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्यातल्या मासेमारीवरचा अहवाल सादर केला. त्याचाही कल तोच. पुढे १८९७ च्या मासेमारी कायद्याने सुरुंग व विष यांवर बंदी आणली, आणि जाळ्याचा प्रकार, विणीचा आकार व पाण्यात रोवलेली साधने यांवर नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. सुरुंगाच्या बंदीविषयी कोणी तक्रार करू नये. पिल्ले मरत होती हेही खोटे नव्हते. पण कोणते साधन सभ्य आणि कोणते विध्वंसक, हे ठरवणाऱ्यांत काठी बाळगणारेच अग्रभागी होते. काठीवर नियम करण्याची वेळ त्या कायद्यात आली नाही. एका माणसाच्या हौसेने निवडलेले साधन प्रमाण झाले आणि दुसऱ्याच्या बापजाद्याचे साधन तपासणीचा विषय झाले.

हा दुसरा माणूस नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात ग्रंथबद्ध झाला तो १९१६ मध्ये, रसेल आणि हिरालाल यांच्या जातिविषयक चार खंडांत. ढिमर हे नाव संस्कृत ‘धीवर’पासून आल्याचे ते सांगतात, मासे धरणे, पालखी वाहणे, पाणी भरणे, शिंगाडे लावणे अशी त्यांची कामे नोंदवतात. विदर्भात आपण ढिवर म्हणतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात टसर रेशमाच्या अळ्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढवण्याची परंपराही याच समाजाची. स्पेनची अळी साहेबाच्या गळाजवळ होती, टसरची अळी ढिवराच्या अंगणाजवळ. दोघांची गाठ पडली नाही.

ढिवराचा पोशाख कोणत्या पुस्तकाने सुचवला नाही, पण तोही निवडलेलाच होता. पाण्यात उतरायचे तर कापड जितके कमी तितके बरे. ओले धोतर पायात घोटाळते आणि काठावर वाळायला वेळ घेते. म्हणून लंगोटी, डोक्याला गुंडाळलेला पंचा, आणि मासे ठेवायला कमरेला बांबूची टोपली, म्हणजे दोन्ही हात मोकळे. उथळात झिंगे धरणाऱ्या बायकांचे लुगडे काष्ट्याचे. त्या काष्ट्याची सोय पाण्यात उभे राहिल्यावरच कळते. सुता-सणाची जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून टिकाऊ करीत. साहेबाच्या पोशाखाचा हेतू पाण्यात उभे राहूनही कोरडे राहणे हा होता. रबर चढवलेल्या कापडाचे छातीपर्यंतचे बूट-विजार त्यासाठीच निघाले. ढिवराच्या पोशाखाने भिजणे गृहीत धरले होते. थंडीच्या दिवसांत पहाटे तळ्यात उतरणाऱ्याला ही निवड काय पडते, ते सुटसुटीतपणाच्या कौतुकात विसरू नये.

ही तळी तरी कोणाची? नवेगावबांधसारखे तलाव कोहळी मालगुजारांनी बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, आणि ‘माजी मालगुजारी’ यांची अद्याक्षरे घेऊन लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणू लागले. या तळ्यांकाठची जीवसृष्टी आणि तिची स्थानिक नावे मराठी गद्यात आणण्याचे श्रेय मारुती चितमपल्ली यांचे. आमच्या भाषेला पाणपक्ष्यांची आणि माशांची नावे देणारे अनेक जण लंगोटी नेसलेले होते, ही गोष्ट त्यांच्या वाचकाला माहीत असते.

मग नायलॉन आले. दुसऱ्या महायुद्धानंतर स्पेनच्या अळीची दोरी गेली तशी सणाची जाळीही गेली. साहेबाचा अदृश्य तुकडा आणि ढिवराचे जाळे प्रथमच एका पदार्थाचे झाले. जाळे कुजेनासे झाले, सालीच्या काढ्याचे ज्ञान निरुपयोगी झाले, आणि तुटलेले जाळे तळ्याच्या बुडाशी वर्षानुवर्षे मासे धरत राहू लागले.

नागपूरच्या उत्तरेला पेंच नदीवर तोतलाडोहचा जलाशय झाला. त्याच्या पाण्याला लागून राष्ट्रीय उद्यान. काठचे आदिवासी विस्थापित झालेले, मासेमारीवर जगणारे. मध्य प्रदेश सरकारने त्यांपैकी ३०५ जणांना परवाने दिले, त्यावर दावा झाला, आणि मार्च १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवाने रद्द न करता त्यांना अटी घातल्या. काठावर आग पेटवायची नाही. रोज किती मासे धरले याची नोंद ठेवायची. आणि प्रत्येकाजवळ त्याचे छायाचित्र असलेले ओळखपत्र हवे.

‘अभिज्ञान’ म्हणजे ओळखीची खूण. शाकुंतलातला धीवर पकडला गेला तो दुसऱ्याची खूण हातात सापडली म्हणून. सुटल्यावर मिळालेल्या बक्षिसातला निम्मा वाटा त्याने रक्षकांना दिला आणि सारे मिळून दारूच्या दुकानाकडे गेले. पुढच्या अंकांत तो पुन्हा येत नाही. तोतलाडोहच्या ३०५ जणांना खूण स्वतःचीच जवळ बाळगायची होती, आणि ती पाण्यात उतरताना भिजणार नाही अशी कोठे ठेवायची, याची सोय लंगोटीत नव्हती.