लाखेवर कोरलेला सूर

मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. त्यांचे गाणे मात्र मला आमच्या नानांच्या चावीच्या ग्रामोफोनमुळे कळले.

खाँसाहेबांचे पहिले ध्वनिमुद्रण १९०५ सालचे. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून खच्चून गायचे, त्या कंपाने सुई मेणावर रेघ कोरायची. खाँसाहेबांचा आवाज मुळात बारीक आणि हळवा. अशा गळ्यावर हा जुलूमच! १९२५ साली विजेवरचे ध्वनिमुद्रण आले, म्हणून तिशीच्या दशकातल्या त्यांच्या तबकड्यांत तो नाजूकपणा शाबूत राहिला. १९३७ साली ते अल्लाला प्यारे झाले. यंत्र दहा वर्षे उशिरा येते तर आपल्याला काय ऐकायला मिळाले असते?

एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे, मिनिटाला ७८ फेरे. तबकडी लाखेची. ही लाख पळस, कुसुम, बोरीवरच्या किड्यांची. आपल्याकडूनच ती परदेशी जायची. हातातून सुटली की तुकडे.

नाना गेल्यावर मामूंनी ग्रामोफोन भंगारात घातला, किलोच्या भावाने. एक तबकडी मी मागून घेतली. तिला तडा आहे. एका शौकिनाच्या यंत्रावर वाजवून मोबाईलमध्ये उतरवली आणि सातवीच्या वर्गात ऐकवली. दर फेऱ्याला तड्यावर सुई ठेचकाळते.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, ये टक-टक कौन बजा रहा है?”