कुलाबा जिल्ह्यांतील पर्जन्यज्ञान : पेण व रोहें येथील खारभूमीच्या दृष्टीनें विचार

ज्या कुलाबा जिल्ह्यास १ जानेवारी १९८१ पासून रायगड हें नांव मिळालें, त्यांतील पेण व रोहें या तालुक्यांच्या शेतकऱ्यास पावसाची पूर्वसूचना कोणकोणत्या मार्गांनीं मिळत आली, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. विषय अर्वाचीन दिसला तरी त्याचीं मुळें पोथ्यांत आहेत. आणि पोथ्या ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांच्याकडूनच या कामीं पुढील साह्य व्हावयाचें आहे, म्हणून तो या त्रैमासिकांत मांडीत आहें.

आरंभ कौटिल्यापासून करणें युक्त होय. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अर्थशास्त्रांत, सन्निधात्यानें कोष्ठागारांत एक अरत्नि रुंद तोंडाचें कुंड पर्जन्यमापनार्थ ठेवावें, असें सांगितलें आहे. पुढें सीताध्यक्षाच्या प्रकरणांत देशपरत्वें पावसाचें मान द्रोणांत दिलें आहे. परंतु अपरांताचा, म्हणजे आपल्या कोंकणाचा, उल्लेख येतांच ग्रंथकार आंकडा न देतां तें मान ‘अमित’ म्हणून सोडून देतो. ज्या जिल्ह्याचें वार्षिक पर्जन्यमान तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आहे, त्यास हा शब्द अद्यापि शोभतो. येथें लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, हें कुंड शेतांत नसून सरकारी कोठारांत आहे. पाऊस मोजावयाचा तो वसुलाच्या अजमासासाठीं.

पूर्वसूचनेचें शास्त्र वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत सांपडतें. मेघांचा गर्भ राहिल्यापासून १९५ दिवसांनीं वृष्टि होते, हा तेथील सिद्धान्त आज टिकत नाहीं. तथापि वारा, अभ्रें, विद्युत् व परिवेष यांची रोजची टिपणी ठेवणारा दैवज्ञ त्या ग्रंथास अभिप्रेत आहे, हें महत्त्वाचें. कृषिपराशरांत व सहदेव-भाडळीच्या नांवावर चालणाऱ्या मराठी मेघमालांत हीच सामग्री संक्षेपानें उतरली आहे. उतरतांना निरीक्षण गळालें व नियम तेवढे राहिले.

पंचांगांतील पर्जन्यविचाराची हीच गत झाली. महाराष्ट्रांत पंचांगें शतकानुशतकें ज्या ग्रहलाघवावरून होत आलीं, त्याचा कर्ता गणेश दैवज्ञ हा याच किनाऱ्यावरील नांदगांवचा. त्याचा ग्रंथ शके १४४२, म्हणजे इ. स. १५२०, चा. प्रत्येक पर्जन्यनक्षत्राचें उंदीर, बेडूक, हत्ती इत्यादि वाहन पंचांगांत देतात. तें सूर्य-चंद्रांच्या नक्षत्रांतील अंतरास नवांनीं भागून काढलेलें असतें. त्यांत आकाशाकडे पाहण्याचा प्रसंगच येत नाहीं. शिवाय अयनचलनामुळें निरयण नक्षत्र ऋतूच्या मानानें सुमारें बहात्तर वर्षांत एक दिवस पुढें सरकतें. सूर्याचा मृगप्रवेश हल्लीं ७-८ जूनला होतो; ग्रहलाघव रचला गेला तेव्हां तो ऋतुमानानें सुमारें सात दिवस अगोदर, व वराहमिहिराच्या काळीं सुमारें तीन आठवडे अगोदर होत होता. तेव्हां जुन्या पोथींतील ‘मृगीं अमुक झाल्यास’ हा नियम आजच्या मृगास लावणें म्हणजे एका ऋतूचा नियम दुसऱ्यास लावणें होय.

परंतु याच पंचांगाचें एक अंग आमच्या खारेपाटांत कधीं खोटें ठरलें नाहीं. तिथीची पाऊणपट केली असतां पूर्ण भरतीची वेळ निघते, हें कोंकणांतील कोणाहि खलाशास ठाऊक असतें. चतुर्थीस तीन वाजतां व अष्टमीस सहा वाजतां भरती. पौर्णिमा व अमावास्या यांच्या लगत उधाण. पेणच्या खाड्यांलगत व रोह्याखालीं कुंडलिकेच्या तोंडाकडे समुद्राच्या कांठीं बांध घालून जी जमीन मिळविली, तिची सर्व शेती या गणितावर चालते. पेणकडील शिलोत्री हा धारणाप्रकार अशा बांधबंदिस्तींतूनच निघालेला आहे. पहिल्या पावसानें जमिनींतील क्षार धुपून गेल्यावांचून मोड आलेलें भात फेंकतां येत नाहीं. आणि उघाडीचीं दारें ओहोटीसच पाणी बाहेर सोडतात. म्हणून अतिवृष्टि व उधाण एकाच तिथीस आलीं म्हणजे आंतील पाणी अडतें, बाहेरील चढतें, आणि बांध फुटल्यास खारें पाणी शिरून पुढील हंगामहि बुडतो. येथील शेतकऱ्यास पाऊस किती पडेल एवढेंच कळून भागत नाहीं. तो भरतीच्या कोणत्या घटकेस पडेल, हें कळावें लागतें.

आतां अर्वाचीन काळाकडे वळूं. मुंबईच्या कुलाब्यावरील वेधशाळा १८२६ सालीं कंपनी सरकारनें बांधली. (हा कुलाबा व आमचा जिल्हा हे निरनिराळे, नामसाम्यानें घोंटाळा होऊं नये.) तेथें ऑर्लिबार यांच्या हाताखालीं काम करणारे केरो लक्ष्मण छत्रे हे अलिबागेजवळील नागांवचे, त्यांनींच पुढें १८६० मध्यें ग्रहसाधनाचीं कोष्टकें प्रसिद्ध करून पंचांगशुद्धीचा पाया घातला. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून या वेधशाळेचें चुंबकीय काम १९०४ मध्यें अलिबागेस नेण्यांत आलें. तेव्हां नानाभाई मूस हे संचालक होते.

हिंदुस्थानचें हवामानखातें १८७५ मध्यें निघालें, आणि ब्लॅनफर्ड यांनीं १८८६ पासून मोसमी पावसाचे अंदाज प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यांमागें दुष्काळांची चिंता होती. तालुक्याच्या कचेऱ्यांत पर्जन्यमापक बसले. परंतु कौटिल्याच्या कुंडाप्रमाणेंच त्यांतील आंकडा वर जाई, परत खालीं कांहीं येत नसे. हा ओघ उलटविण्याचें श्रेय पुण्यास आहे. १९३२ सालीं तेथें रामदास यांच्या नेतृत्वाखालीं कृषिहवामानशाखा स्थापन झाली, व १९४५ पासून शेतकऱ्यांकरितां हवामानपत्रक आकाशवाणीवरून देशी भाषांत ऐकूं येऊं लागलें. राज्यवार सल्ला १९७६ मध्यें, विभागवार १९९१ मध्यें, व जिल्हावार २००८ मध्यें सुरू झाला.

जिल्हा हें मानहि येथें पुरत नाहीं. जुलै १९८९ मध्यें अंबा नदीच्या पुरानें सुधागडांतील जांभूळपाडा उद्ध्वस्त झालें व रोहें तालुक्यांतील नागोठण्यांत हाहाकार उडाला. त्याचें कारण घाटमाथ्यालगतच्या खोऱ्यांत कोसळलेला पाऊस होय. पुढें कृषि विज्ञान केंद्रांत देशभर सुमारें दोनशें जिल्हा-घटक स्थापून तालुकावार सल्ला देण्याची योजना झाली; ते घटक २०२४ मध्यें बंद करण्यांत आले. त्याच वर्षीं २४ ऑक्टोबरपासून ग्रामपंचायतवार अंदाज सुरू झाले. अंदाज अशा रीतीनें गांवापर्यंत पोंचला, पण त्याचा अर्थ सांगणारा माणूस उठून गेला. आमच्या जिल्ह्याचें कृषि विज्ञान केंद्र किल्ला-रोहें येथें आहे. खारेपाटाची उघाडी व भरतीची तिथि जाणणारा सल्लागार असावयाचा, तर तो अशाच ठिकाणीं असावयास हवा. यंत्रांचे आंकडे बांधावरच्या निर्णयांत उतरविणें हें दूरस्थ कचेरीचें काम नव्हे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. जुन्या पंचांगांच्या समासांत, रोजकीर्दींत, देवस्थानच्या वह्यांत व खोतांच्या दप्तरांत पाऊस, पूर, उधाण व बांध फुटल्याच्या नोंदी आढळणें संभवनीय आहे. बांधाची उंची किती ठेवावी हें ठरवितांना गेल्या दीडशें वर्षांचे आंकडे अपुरे पडतात. त्यापूर्वींचा एक तिथियुक्त उल्लेखहि तेथें प्रमाण होऊं शकेल. अशा नोंदी क्षुल्लक म्हणून वगळूं नयेत. मिति, वार व गांव यांसह त्या जशाच्या तशा उतरून प्रसिद्ध कराव्यात. आणि मेघमालेची पोथी सांपडल्यास तिच्या नियमांहून तिच्या कोऱ्या पानांवर कोणीं काय टिपून ठेविलें आहे, तें आधीं पाहावें.