गोडसे भटजींची अट

प्रवासाहून परतलं की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "काय आणलंस?" आणि दुसरा, "लिहिलंस का?" पहिल्याचं उत्तर पिशवीतून काढून हातावर ठेवता येतं. दुसरा मात्र महिनोन् महिने मानगुटीवर बसतो. लिहिण्यात मजा आहे, यात शंकाच नाही. एखादी वाट, तिथला कळकट कपातला चहा, शेजारच्या बाकावरच्या आजोबांचा तऱ्हेवाईकपणा... लिहिताना हे सगळं बिनतिकिटाचं पुन्हा फिरून होतं. पण सोबत दडपणही येतं. किती सांगायचं? कुणाचं नाव घ्यायचं? घरच्यांना काय वाटेल? हे दडपण काही आजकालचं नाही. मराठीतलं ज्याचं नाव पटकन ओठावर येतं, त्या प्रवासवर्णनाच्या जन्मापासूनच ते त्याला चिकटलेलं आहे. मी म्हणतोय ते विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'बद्दल.

गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे. भिक्षुकी करणारे, डोक्यावर घरचं कर्ज. १८५७च्या सुरुवातीला त्यांच्या कानावर आलं की बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत आणि मोठा दानधर्म होणार आहे. दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, जमलं तर तीर्थयात्राही घडेल, असा सरळ हिशेब करून ते रामभटकाकांबरोबर निघाले. आपण प्रवासाचं लिहितो तेव्हा पैशांची गोष्ट बहुधा 'खर्च किती आला' एवढ्यावर आटोपते. या गृहस्थांनी मात्र घरातून पाऊल का उचललं याचं कारणच कर्ज, हे आडपडदा न ठेवता सांगून टाकलंय. मला तिथेच ते आवडले.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. महूच्या आसपास त्यांना पलटणीतले शिपाई भेटले. आता बंड होणार, परत फिरा, असं त्यांनी सांगितलं. काका-पुतणे फिरले नाहीत. फिरत फिरत झाशीला पोचले, आणि १८५८च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजच्या फौजेनं वेढा घातला तेव्हा दोघंही शहरातच अडकले. तोफांचे गोळे, ३ एप्रिलला फौज आत शिरली तो दिवस, मग कत्तल, आगी, लूट. जमवलेलं द्रव्यही लुटीत गेलं. ज्यासाठी निघाले तेच हातचं गेलं म्हणा ना! घरी आले ते गंगेच्या पाण्याची कावड घेऊन. त्या पाण्यानं त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं.

एवढं भोगलेला माणूस लिहितो तेव्हा नुसतं रडगाणं व्हायला हवं होतं. तसं होत नाही. राणीचा दिनक्रम, तिचा व्यायाम, तिचा पोशाख हे सांगताना भटजी रंगून जातात. भूक लागली की भूक सांगतात, भीती वाटली की भीती. शौर्याचा आव नाही. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी भेटते. पुरुषी वेश, अंगावर धूळ, तहानेनं व्याकुळ. भटजी पाणी काढायला पुढे होतात तर ती त्यांना थांबवते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही मला पाणी काढून देऊ नका, मीच काढते म्हणते. एवढाच प्रसंग. पण माझ्या डोळ्यांपुढची राणी घोड्यावरच्या पुतळ्यातली नाही, ती या विहिरीजवळची आहे.

अर्थात सगळंच काही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. बंड का झालं हे सांगताना इंग्रजांनी संस्थानिकांपुढे चौऱ्याऐंशी कलमांची यादी ठेवली वगैरे वाटेत ऐकलेल्या गोष्टीही ते देतात. इतिहास म्हणून त्या टिकत नाहीत. पण त्या दिवसांत धर्मशाळांमध्ये लोक काय बोलत होते ते त्यातूनच कळतं. प्रवासात ऐकलेल्या अफवाही प्रवासाचाच भाग असतात, नाही का?

आता दडपणाकडे येऊ. हे सगळं कागदावर उतरलं ते १८८३ साली. म्हणजे झाशीच्या वेढ्याला पंचवीस वर्षं होऊन गेल्यावर! तेही आपण होऊन नाही. चिंतामणराव वैद्य, म्हणजे पुढे इतिहासकार म्हणून नावाजलेले, यांच्या घराण्याचे भटजी उपाध्याय. वैद्यांनी आग्रह धरला, शंभर रुपये देऊ केले, तेव्हा भटजींनी लिहिलं. पण इंग्रजांचं राज्य. बंडवाल्यांच्या गावात राहिलेला, राणीबद्दल आदरानं बोलणारा माणूस. म्हणून अट पडली, की आपल्या हयातीत हे छापायचं नाही.

वैद्यांनी अट पाळली. पुस्तक निघालं १९०७ साली, तेव्हा भटजी नव्हते. छापताना वैद्यांनी भाषा सारखी केली, काही गाळलं, काही बदललं. मोडीतली मूळ प्रत पुढे भारत इतिहास संशोधक मंडळात आली आणि दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मुळाबरहुकूम पुस्तक काढलं. म्हणजे भटजींचे स्वतःचे शब्द वाचकांपुढे यायला लिहिल्यापासून ८३ वर्षं लागली.

वैद्यांना यावरून नावं ठेवणं सोपं आहे. मला ते जमत नाही. ते मागे लागले नसते तर एक शब्दही उरला नसता. भटजी गोष्टी सांगत राहिले असते, ऐकणारे 'हो का!' म्हणत राहिले असते, आणि सगळं त्यांच्याबरोबर संपलं असतं. म्हणजे जो आग्रह आपल्याला दडपण वाटतो, त्याच्याच जोरावर आपण लिहितो. आणि अटीचं म्हणाल तर ती मला भित्रेपणाची वाटत नाही. भ्यायलेल्या माणसानं लिहिलंच नसतं, किंवा गोड गोड लिहिलं असतं. भटजींनी खरं ते लिहिलं, फक्त त्याची वेळ पुढे ढकलली.

हे सगळं आत्ता सुचायला एक कारण आहे. मागे मामाबरोबर ओंकारेश्वरला गेलो होतो. त्याबद्दल तुम्ही इथे वाचलंयत. नर्मदा, होड्या, पोहे, सगळं. पण एका रात्री घाटावर बसून मामानं आजोबांची जमीन कशी गेली ते मला पहिल्यांदा सांगितलं. गहाणखतावर सही कुणाची, घरात कोण गप्प बसलं, कुणी दागिने आणून दिले, नावानिशी. त्या प्रवासातलं माझ्यासाठी सर्वांत मोलाचं तेच होतं आणि नेमकं तेच इथे आलेलं नाही. ज्यांची नावं त्यात आहेत त्यांची मुलं-नातवंडं हे पान वाचतात, आणि ती मला हवी आहेत.

मी मामाला विचारलं, "लिहू का?" तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "लिही. पण माझ्यामागे दाखव."

लिहून ठेवलंय. काहीही गाळलेलं नाही, नावंही नाहीत. बाकी प्रवासांचं लिहून झालं की कधी एकदा तुम्हाला दाखवतो असं होतं. या एकाची मात्र मला मुळीच घाई नाही. मामा, वाचत असशील तर तब्येतीला जप, आणि संध्याकाळचं फिरणं चुकवू नकोस.