गिरणगांवची पायवाट आणि ज्युबिलीचा अर्थ



शीळफाट्याच्या नाक्यावरून ठाणें, कल्याण, महापे व पनवेल यांकडे वाटा फुटतात. या वाटांनीं येऊन वसलेल्या कित्येक कुटुंबांत मुंबईच्या गिरणीची आठवण अद्याप निघते. म्हणून या ज्युबिली अंकांत आम्ही वाचकांस त्या गिरणगांवांतून पायीं नेऊं इच्छितों.

भायखळ्यास ग्लोरिया चर्चपासून निघावें व डॉ. आंबेडकर मार्गानें चिंचपोकळी, लालबाग, परळ असें उत्तरेस चालत जावें. मधूनच एखादें जुनें धुराडें दिसतें, परंतु भोंगा ऐकूं येत नाहीं. भायखळ्याच्या पश्चिमेस ताडदेव येथें कावसजी नानाभाई दावर यांची शहरांतील पहिली कापड गिरणी 1856 सालीं चालूं झाली. दमट हवा, जवळचें बंदर आणि 1853 पासूनची आगगाडी यांच्या बळावर गिरण्या वाढल्या. कोंकणांतून व घाटावरून माणसें आलीं. चाळीच्या एकेका खोलींत अनेक गडी राहत. दिवसपाळीचा उठला कीं त्याच जागीं रातपाळीचा निजे. त्यांच्या जेवणाची सोय खानावळवाल्या बायांनीं केली. 1975 सालीं प्रेमाताई पुरव यांनीं या बायांसाठीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें.

आरंभीं या गिरण्यांत आठवड्याची ठरलेली सुटी नसे. ठाण्यांत 1848 सालीं जन्मलेले, महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनीं हा प्रश्न हातीं घेतला, आणि 10 जून 1890 रोजीं मालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा पुष्कळांच्या घरीं खंडोबाचा वार, आपल्या घरीं प्रभूचा वार. परंतु थकलेल्या अंगास विसावा दोहोंकडे सारखाच लागतो. पुढील वर्षींच, 15 मे 1891 रोजीं, पोप तेरावे लिओ यांनीं 'रेरुम नोव्हारुम' हें परिपत्रक काढलें; त्यांतही कामगारास रविवारचा विसावा मिळालाच पाहिजे, असें सांगितलें आहे.

18 जानेवारी 1982 रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागें घेतला गेलाच नाहीं, आणि गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. 1991 च्या नियमानें त्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागांसाठीं व एक तृतीयांश घरबांधणीसाठीं ठेवावयाचा होता. 2001 च्या दुरुस्तीनें हा हिशेब केवळ रिकाम्या जमिनीपुरता उरला, आणि वांटा फार घटला. लोअर परळची फिनिक्स मिल आज मॉल झाली आहे. कामगारांसाठीं राखलेलीं कांहीं घरें मात्र पनवेलपलीकडे कोन येथें आहेत. आपल्याच फाट्यावरून तिकडे रस्ता जातो.

लेवीय पुस्तकांत ज्युबिलीचीं लक्षणें दिलीं आहेत: भूमीस विसावा, दासास मुक्तता, आणि गमावलेलें वतन मूळ कुटुंबास परत. वतन परत देणें आपल्या हातीं नाहीं. विसावा देणें आहे. ज्यांच्या घरीं मोलकरीण, दुकानीं गडी वा कारखान्यांत मजूर राबतो, त्यांनीं या वर्षापासून त्यांस आठवड्याची एक सुटी पगार न कापतां द्यावी, अशी विनंति आम्ही या पानावरून करितों.