भायलो कोण?

डिचोलीत येऊन राहिलेल्या परक्या मुसलमानांत सर्वांत नामवंत असामी होती ती एका बादशहाचा मुलगा. बापाविरुद्ध बंड करून औरंगजेबाचा शहजादा अकबर 1681 मध्ये संभाजीराजांच्या आश्रयाला आला आणि काही काळ डिचोलीत राहिला. तिथला नमाजगाह आजही त्याच्याच नावाशी जोडला जातो. नजर दिल्लीच्या तख्तावर आणि मुक्काम डिचोलीत! 1687 मध्ये तो राजापूरहून जहाजाने इराणला निघून गेला.

मोरजीच्या वाळूत उभं राहिलं की शापोरा नदीच्या मुखापलीकडे किल्ला दिसतो. शापोरा म्हणजे शहापूर, आदिलशाहीची खूण. 1510 मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवा शहर आदिलशाहीकडून घेतलं तेव्हा तिथल्या मुसलमानांची कत्तल झाली. मोरजी ज्यात येते ते पेडणे मात्र 1788 पर्यंत सावंतवाडीकरांकडे होतं. पोर्तुगिजांनी ते घेतलं तेव्हा धर्मांतराचा जोर ओसरला होता, त्यामुळे नव्या काबिजादीत, म्हणजे अशा उशिरा घेतलेल्या भागांत, देवळंही राहिली आणि मशिदीही. पुढे 1961 आलं आणि पोर्तुगीज गेले. पेडण्यातलं एखादं घर जागचं हललं नाही, तरी त्याच्यावरचा अंमल दोनदा बदलला. जुन्या गोवेकर मुसलमानाला इथे ‘मैर’ म्हणत. हा शब्द पोर्तुगीज ‘मोरू’वरून आला. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या माणसाला हाक मारायची ती उत्तर आफ्रिकेतल्या मूर लोकांच्या नावाने!

घरं जागेवर राहिली, माणसं मात्र जात राहिली. उत्तरेकडे रत्नागिरीपर्यंतच्या पट्ट्यातले कोकणी मुसलमान खलाशी होऊन बोटीवर गेले. मुंबईची गोदी, दक्षिण आफ्रिकेतलं केपटाऊन, नंतर कुवेत, दुबई. मागे बायका शेत सांभाळत, मनीऑर्डरची वाट बघत. गोव्यात अशा दर्यावर्दीला ‘तारवटी’ म्हणतात, आणि घरात क्रूस आहे की कुराण, हे तो शब्द विचारत नाही.

परतणाऱ्या माणसाची अवघड गोष्ट मराठीत सांगितली ती हमीद दलवाईंनी. 1932 साली चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेल्या दलवाईंची ‘इंधन’ ही कादंबरी 1965 मध्ये आली. तिचा नायक आजारपणामुळे मुंबईहून गावी परततो. तो नमाज पढत नाही, त्यामुळे घरच्यांना अवघड जातो. पण गावात हिंदू-मुसलमानांचं बिनसत जातं तेव्हा त्याच्या श्रद्धेची चौकशी कोणी करत नाही, नाव पुरेसं असतं. दलवाईंनी पुढे 1970 मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं आणि लोक त्यांना सुधारक म्हणूनच ओळखू लागले. त्यात कादंबरीकार झाकला गेला, हे मराठी वाचकाचं नुकसान. ‘इंधन’मध्ये उपदेश नाही. नायक कुणाच्याच बाजूचा होऊ शकत नाही, एवढंच ती दाखवते.

पन्नासेक वर्षांनी त्याच किनाऱ्यावरून रहमान अब्बास यांच्या ‘रोहजिन’चा असरार मुंबईला जातो. 2016 ची ही कादंबरी उर्दूत आहे, 2018 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. दलवाईंचा माणूस मुंबईहून गावी येतो, असरार गावाहून मुंबईला. मोहल्ल्यात तो आपल्यांतच असतो, तरी शहर त्याला पोटात घेत नाही.

तिकडे लंडनमध्ये मोनिका अली यांच्या ‘ब्रिक लेन’मधली नाझनीन (2003) भाषा शिकत उभी राहते. कमिला शम्सी यांच्या ‘होम फायर’मध्ये (2017) प्रश्न थेट प्रेताचा होतो: परागंदा मुलाला ब्रिटनच्या मातीत जागा नाही, म्हणून त्याचा मृतदेह कराचीला जातो, आणि तिथे त्याचं घर कधीच नव्हतं. नागरिकत्व काढून घेणारा गृहमंत्रीही पाकिस्तानी मुसलमान घरातलाच. हा तपशील सर्वांत बोचतो.

गोव्यात 2001 मध्ये मुसलमान 6.84 टक्के होते, 2011 मध्ये 8.33. या वाढीत बाहेरून कामाला आलेल्यांचा वाटा मोठा आहे. त्यांना ‘भायले’ म्हणतात, आणि जुना मैरही त्यात सहज मोजला जातो. मोरजीत रशियन पाट्या लागल्या तेव्हा त्या पाहुण्यांना मात्र ‘टुरिस्ट’ हा शब्द मिळाला.

शहजादा अकबर परत आलाच नाही. औरंगजेब 1707 मध्ये दख्खनेत मरण पावला, मुलगा त्याआधीच इराणात वारला होता. डिचोलीतला नमाजगाह आता सरकारी संरक्षणाखाली आहे.