पोटातला उजेड

जिवंत माणसाच्या पोटात काय चालले आहे ते डोळ्यांनी पाहता यावे, ही वैद्यांची फार जुनी इच्छा. आड येत होत्या दोन गोष्टी : आतला अंधार आणि वाटेतले वळण. प्रकाश सरळ रेषेत जातो. माणसाचा घसा आणि जठर मात्र सरळ नाहीत.

१८६८ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे कुसमाउल या डॉक्टराने सरळ धातूची नळी एकाच्या घशातून जठरापर्यंत उतरवली. तो गृहस्थ तलवारी गिळण्याचे खेळ करून पोट भरणारा होता; दुसऱ्या कोणाला ते साधले नसते. दिव्याचा उजेड पुरला नाही आणि प्रयोग तेथेच थांबला. कुसमाउलचे नाव ग्रंथांत आहे. ज्याने गळा दिला तो बहुधा ‘एक तलवार गिळणारा’ एवढाच उरतो. इतिहास लिहिणाऱ्यांची ही खोड आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना नवी नाही.

पुढे १९३२ मध्ये रुडॉल्फ शिंडलरने गेओर्ग वोल्फ या कारागिराच्या साहाय्याने थोडी वाकणारी नळी बनवली. आत भिंगांची ओळ होती. नाझींनी शिंडलरला १९३४ साली तुरुंगात टाकले. सुटल्यावर तो अमेरिकेत गेला आणि त्याची विद्याही त्याच्याबरोबर गेली. तथापि थोडी वाकणारी नळी म्हणजे रोग्याच्या दृष्टीने जवळजवळ काठीच.

खरी वाट काचेच्या तंतूने दाखवली. काचेच्या बारीक तंतूत एका टोकाने प्रकाश सोडला, तर तो आतल्या आत आपटत दुसऱ्या टोकाला निघतो. तंतू वाकवला तरी बिघडत नाही. असे हजारो तंतू एकत्र बांधले आणि दोन्ही टोकांना त्यांचा क्रम तोच राखला, की प्रत्येक तंतू चित्राचा एकेक ठिपका वाहून नेतो. क्रम राखायचा कसा? तंतू एका चाकावर फेऱ्यावर फेरे देऊन गुंडाळायचा, एका जागी चिकटवायचा आणि तेथेच कापायचा. बॉबिन भरणाऱ्या गिरणीकामगाराला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि भारतातून तेथे शिकावयास गेलेले नरिंदरसिंग कपानी यांनी अशा जुडग्यातून चित्र नेऊन दाखवले. ‘नेचर’च्या २ जानेवारी १९५४ च्या अंकात त्यांचा लेख आला. हॉपकिन्स लंडनच्या बर्माँडसी या गरीब वस्तीत जन्मलेला. परंतु उघडे तंतू एकमेकांना टेकले की प्रकाश एकातून दुसऱ्यात झिरपे आणि चित्र अंधुक होई. हॉलंडच्या व्हान हीलने त्याच अंकात तंतूवर आवरण घालण्याचा मार्ग सुचवला होता. मात्र टिकाऊ आवरण कशाचे, हा प्रश्न उरला.

तो सोडवला लॅरी कर्टिस या विद्यार्थ्याने. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले डॉक्टर बॅसिल हिर्शोविट्झ लंडनला जाऊन हॉपकिन्स-कपानींचे काम पाहून आले होते आणि अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात या प्रयत्नाला लागले होते. कर्टिस त्यांच्या हाताखाली. पदवीही मिळालेली नव्हती. १९५६ च्या डिसेंबरात त्याने काचेचा दांडा वेगळ्या प्रकारच्या काचेच्या नळीत घातला, दोन्ही एकत्र तापवून ओढले. बाहेरची काच प्रकाश आतच अडवी. काचेला काचेचेच कवच! तंतू गुंडाळायला त्यांनी ओट्सचा पुठ्ठ्याचा गोल डबा वापरला. मोठ्या प्रयोगशाळेचे अवजारही कधीकधी स्वयंपाकघरातून येते.

१९५७ च्या फेब्रुवारीत हिर्शोविट्झ यांनी ती नळी आधी स्वतः गिळली. रोग्यावर वापर त्यानंतर झाला. रोग्याला जे सोसावयास सांगायचे ते आधी आपण सोसून पाहावे, हा क्रम मला त्या काचेच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो. हिर्शोविट्झ यांचे यंत्र १९६० पासून कारखान्यात बनू लागले आणि जठराचे व्रण, कर्करोग जिवंत रोग्याच्या पोटात पाहता येऊ लागले. १९८० नंतरच्या दशकात नळीच्या टोकाशी चिमुकला कॅमेरा बसला आणि चित्र वाहण्याचे काम तंतूंकडून गेले. पण आत उजेड नेण्याचे काम पुढेही बरीच वर्षे त्यांच्याकडेच राहिले.