वस्तीला माणूस हवा होता तेव्हा

'कौल' हा शब्द हल्ली आपल्याला निवडणुकीच्या बातमीत भेटतो. जनतेचा कौल, मतदारांचा कौल. कोकणात देवाला कौल लावतात, तोही ऐकून माहीत असतो. (घराच्या छपरावरचं कौल वेगळं, ते इथे बाजूला ठेवू.) मूळ शब्द अरबी. अर्थ साधा: दिलेला शब्द, वचन. पण तीन-चारशे वर्षांपूर्वी दख्खनमध्ये या शब्दाला एक अगदी व्यवहारी अर्थ होता. नव्या जागी बायकामुलांसह राहायला येणाऱ्या माणसाला सरकारनं लिहून दिलेलं आश्वासन म्हणजे कौल. ये, घर बांध, जमीन कस. पहिली काही वर्षं कर घेणार नाही किंवा नाममात्र घेऊ, वेठबिगारीला धरणार नाही, वाटेत कोणी त्रास देणार नाही. हे ज्या कागदावर लिहिलेलं असे, तो कौलनामा.

मी हे सगळं वाचायला लागलो त्याचं कारण इतिहासप्रेम नाही. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, आईवडील भोकरला असतात, मुलगी पुढच्या वर्षी शाळेत जाईल. पुण्यातच राहायचं, हैदराबादला जायचं की नांदेडला येऊन घरून काम करायचं, असा प्रश्न घरात वर्षभर चालू आहे. मी इंजिनिअर, त्यामुळे एक्सेल शीट केली. घरभाडं, शाळेची फी, दवाखाना, भोकरला पोचायला लागणारे तास. शीट बघता बघता लक्षात आलं की 'परवडतं का' हा प्रश्न आपण महिन्याच्या हिशेबात विचारतो. जुने लोक तो वेगळ्या हिशेबात विचारत होते, आणि त्यांच्या वेळी गावंसुद्धा वेगळ्या गरजेत होती.

गरज काय होती, ते आधी बघू. 1630 ते 1632 या काळात दख्खन आणि गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला. त्यात निजामशाही, आदिलशाही आणि मुघल यांच्या लढाया. माणसं मेली, उरलेली परागंदा झाली. जमीन होती तिथेच होती, पण कसायला हात नव्हते. आज एका गुंठ्यासाठी भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालतात, त्यामुळे हे आपल्याला कळायला जड जातं. पण त्या काळी जमीन मुबलक आणि माणूस दुर्मीळ होता. ओसाड गावाचा महसूल शून्य. म्हणून राज्यकर्त्याला रयत हवी असायची, आणि हवी असेल तर तिला काहीतरी द्यावं लागायचं.

पुण्याचंच घ्या. आज ज्या शहरात दोन खोल्यांच्या भाड्यानं घाम फुटतो, ते आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं याच काळात उद्ध्वस्त केलं होतं. गाढवाचा नांगर फिरवला असं परंपरा सांगते. पुढे जिजाबाई बाल शिवाजीला घेऊन तिथे आल्या आणि शहाजीराजांचे कारभारी दादोजी कोंडदेव यांनी जहागिरी पुन्हा वसवायला घेतली. सोन्याच्या नांगराची गोष्ट आपल्याला शाळेतच सांगतात. पण नांगर सोन्याचा असला म्हणून कोणी बिऱ्हाड हलवत नाही. माणसं परतली ती सवलतीमुळे: नव्यानं लागवडीला आणलेल्या जमिनीवर पहिल्या वर्षी अगदी थोडा सारा, दुसऱ्या वर्षी जरा जास्त, असं चढत चढत काही वर्षांनी पूर्ण दर. या चढत्या दराच्या कराराला 'इस्तावा' म्हणत. आजच्या भाषेत स्टेप-अप ईएमआय. फरक इतकाच की बँक आपला पगार वाढेल असं गृहीत धरते आणि इस्तावा जमीन वाढेल असं गृहीत धरायचा. जमीन बहुतेक वेळा वाढायची, कारण पहिली दोन-तीन वर्षं झाडोरा काढण्यात, बांध घालण्यात आणि दगड वेचण्यातच जायची.

सवलतीबरोबर भांडवलही लागतं. 1676 साली शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. ज्या कुळाकडे शेत करायला माणसं आहेत पण बैल, नांगर, पोटाला दाणे नाहीत, त्याला ते सगळं पुरवा. वाढीव व्याज न लावता नुसतं मुद्दल, तेही त्याला बरकत आल्यावर हळूहळू घ्या, असा त्याचा आशय. मला यातली क्रमवारी आवडते. आधी माणूस उभा राहील, मग वसुली. यात नुसती दया नव्हती. उभं न राहिलेलं कूळ रातोरात शेजारच्या मुलखात निघून जातं, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

शेतीबाहेरच्या लोकांसाठी पेठा होत्या. नवी पेठ वसवायची तर वाणी, कोष्टी, कासार, तांबट यांना बोलवावं लागे. एखादा धडपड्या माणूस पुढाकार घेई, सरकारातून कौल मिळवी, त्या जोरावर घरं आणत असे. त्याबदल्यात त्याला पेठेचं शेटेपण किंवा महाजनकी मिळायची आणि दुकानामागे ठरलेला हक्क. येणाऱ्यांना काही वर्षं मोहतर्फा, म्हणजे धंद्यावरचा कर, माफ. पुण्याची शुक्रवार पेठ जिवाजीपंत खासगीवाल्यांनी 1734 च्या सुमारास वसवली ती याच पद्धतीत बसणारी. शेटे म्हणजे आजचा बिल्डर म्हणावासा वाटतो, पण तुलना लंगडी आहे. बिल्डर फ्लॅट विकून पुढच्या साइटवर जातो. शेट्याचं उत्पन्नच पेठ भरलेली राहण्यावर अवलंबून होतं, आणि त्याच्या मुलानातवंडांचंही.

आमच्या भागात या इतिहासाच्या खुणा गावांच्या नावांत पडून आहेत. कंधार तालुक्यात पेठवडज आहे. नांदेडच्या जुन्या बाजाराला इतवारा म्हणतात. एकाच नावाची खुर्द आणि बुद्रुक अशी दोन गावं दिसली की धाकटं आणि थोरलं, असं वाचायचं. भोकर-किनवटकडे जाताना तांडे लागतात. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहणाऱ्या बंजारा समाजाची वाहतूक रस्ते आणि रेल्वेनं हिरावली, तेव्हा चालते तांडे जागीच थांबले आणि त्यांचीच वस्ती झाली. त्यांना मात्र कोणी कौलनामा घेऊन बोलवायला गेलं नव्हतं.

याच मराठवाड्यानं उलटा प्रयोगही पाहिला आहे. 1327 साली महंमद बिन तुघलकानं दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, राजधानी आणली. लोकांसाठी वाटेत सोयी केल्या, मदतही दिली असं इतिहासकार सांगतात. पण यायचं की नाही हे विचारलं नव्हतं. काही वर्षांत बरेच जण परत गेले. जे राहिले त्यांच्या खुणा खुलताबादच्या दर्ग्यांत आणि आमच्या बाजारात आजही कानावर पडणाऱ्या दखनी बोलीत आहेत. सुविधा देऊन माणूस हलवता येतो; तो टिकेलच असं नाही.

टिकण्याचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण कौलाच्या कागदातली खरी मेख तिथे होती. गावात शेतकऱ्याचे दोन प्रकार: मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. तो पूर्ण सारा भरायचा, वर मिरासपट्टीही देत असे, पण गावाच्या निवाड्यात त्याचा शब्द चाले. दुष्काळात परागंदा होऊन कित्येक वर्षांनी परतला तरी तो आपली जमीन मागू शकायचा. उपरी बाहेरून आलेला. त्याला बहुधा कमी दरात जमीन मिळे, आवडलं नाही तर तो उठून जाऊ शके. मात्र गावच्या मानपानात त्याला जागा नव्हती. स्वस्त आणि मोकळा तो उपरी. महाग आणि बांधलेला तो मिरासदार. 'उपरा' हा शब्द आपण आजही कोणत्या सुरात वापरतो, ते बघा. पुण्यात दर अकरा महिन्यांनी लिव्ह अँड लायसन्सवर सही करताना मला नेहमी उपरी आठवतो. सोसायटीच्या सभेत भाडेकरूला मत नसतं, हेही त्यात आलंच.

आता जवळची गोष्ट. बिलोलीहून पुढे राज्याची सीमा ओलांडली की बोधन येतं. निजाम सरकारनं मांजरा नदीवर निजामसागर धरण बांधलं. 1923 मध्ये सुरू झालेलं काम 1931 मध्ये संपलं. कालवे आले, पण भिजणारी जमीन सपाट करणं, बांध घालणं, भाताची ओली शेती करणं याला पैसा आणि सवय दोन्ही लागतात. स्थानिक रयतेकडे ते कमी होतं. ते होतं कृष्णा-गोदावरीच्या मुखाशी राहणाऱ्या आंध्रच्या शेतकऱ्यांकडे. तिकडे जमीन महाग, कुटुंबं मोठी. तिकडचा एक एकर विकला की इकडे कित्येक एकर येत. मग भाऊ-भाऊ, मेहुणे, गाववाले मिळून बिऱ्हाडं घेऊन आले आणि त्यांनी मूळ गावांपासून थोड्या अंतरावर स्वतःच्या वस्त्या केल्या. त्यांना 'कॅम्प' म्हणतात. पुढे तुंगभद्रेच्या कालव्यांवर रायचूर-सिंधनूरकडेही असेच कॅम्प झाले. आपल्यापासून तासा-दोन तासांवर झालेल्या या स्थलांतराबद्दल मराठीत फार कमी बोललं जातं.

या लोकांची जागा निवडण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. ते एकटे आले नाहीत. भाड्यानं नाही, मालकीनं आले. आणि जे काम त्यांना उत्तम जमत होतं, तेच नव्या जागी कमी खर्चात करता येईल एवढंच त्यांनी पाहिलं. 1930 च्या दशकात बोधनला निजामाचा साखर कारखाना आला, त्यांच्या उसाला गिऱ्हाईक मिळालं. तो कारखाना 2015 मध्ये बंद पडला. नोकरीसाठी आलेल्यांचं बिऱ्हाड हललं. ज्यांची जमीन होती त्यांनी पीक बदललं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. हैदराबाद संस्थानात 1919 पासून मुल्की नियम होते: सरकारी नोकरीसाठी संस्थानातलाच माणूस हवा, किंवा पंधरा वर्षं राहिलेला. मुल्की आणि गैरमुल्की हे मिरासदार आणि उपरी यांचं सरकारी रूप. बाहेरच्यांनी स्वस्तात घेतलेली जमीन आणि मिळवलेल्या नोकऱ्या हा राग 1969 च्या तेलंगणा आंदोलनात स्पष्ट दिसला. स्वस्त जागा कोणाला तरी स्वस्तात विकावी लागलेली असते, हे माझ्या शीटमध्ये कुठे लिहायचं ते मला सुचलेलं नाही. सीमा तर माणूस न हलताही बदलते: 1956 मध्ये भैंसा, मुधोळ, कुबेर हा नांदेड जिल्ह्यातला भाग आंध्र प्रदेशात गेला आणि किनवट आदिलाबादमधून इकडे आलं. भोकर न हलता सीमेवरचं झालं.

यानंतर हिशेबच फिरला. माणूस मुबलक झाला, जमीन दुर्मीळ. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसं निघाली ती 'जगायला'. हा आमच्याकडचाच शब्द. पुण्या-मुंबईत त्यांना कोणी कौल देऊन बोलावलं नव्हतं. ऊसतोडीच्या टोळ्यांना आजही आधी पैसे मिळतात, पण ती उचल असते: नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल फिटेपर्यंत सुटका नाही. रामाजी अनंतांना लिहिलेल्या पत्रात आधी देणं होतं ते माणूस उभा राहावा म्हणून. इथे आधी देणं आहे ते तो पळू नये म्हणून.

कौल संपला नाही, त्याचा पत्ता बदलला. 1962 मध्ये एमआयडीसी आली आणि 1964 मध्ये राज्यानं उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू केली. मुंबई-पुण्याबाहेर कारखाना काढा, काही वर्षं करात सवलत घ्या. तालुक्यांची अ, ब, क, ड, ड+ अशी प्रतवारी झाली. जितका तालुका मागास तितकी सवलत मोठी आणि तितकी लांब. हा सरळसरळ इस्ताव्याचा नातू आहे. फक्त तो कंपनीला मिळतो, कुटुंबाला नाही. कुटुंबाच्या वाट्याला त्यातल्या त्यात आलं ते सिडकोचं नवीन नांदेड. गोदावरीच्या दक्षिणेला आखलेल्या प्लॉटवर छोटी घरं, हप्त्यावर. तिथे शिक्षक, एसटीचे कंडक्टर, कारकून भोकर-हदगाव-मुखेडहून आले आणि मालक म्हणून राहिले. मी ओळखतो त्या बहुतेक घरांवर आज दुसरा मजला आहे.

माझ्या शीटमध्ये आता तीन रकाने वाढले आहेत. सवलत किती वर्षांची, त्यानंतर काय, आणि तिथे आपण मिरासदार की उपरी. पुण्याचा रकाना पटकन भरला. हैदराबादचा बायकोनं भरला. तिची बहीण तिथे असते, म्हणजे एकटं जाणं नाही. नांदेडच्या रकान्यात बाकी सगळं बसतं, आईवडील सव्वा-दीड तासावर येतात, पण 'कायम घरून काम करा' हे मॅनेजरनं फोनवर म्हटलेलं आहे. कौल आहे, कौलनामा नाही. मेल पाठवून दोन आठवडे झाले.